डिफॉल्टपासून डॅशपर्यंत

संगणकावर चालणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला कामाला लागण्यापूर्वी काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: माहिती कोठून घ्यायची, कोठे ठेवायची, कोणत्या पोर्टवर कान लावून बसायचे, किती बोलायचे आणि केव्हा गप्प राहायचे. त्या सांगण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिला कॉन्फिगरेशन फाइलचा, म्हणजे आवडीनिवडी एकदाच लिहून ठेवलेल्या आणि प्रोग्राम सुरू होताच उघडून वाचल्या जाणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलचा. दुसरा कमांड लाइनवरील ऑप्शनांचा, म्हणजे टर्मिनलमध्ये प्रोग्रामचे नाव टाइप केल्यावर त्याच ओळीत एक किंवा दोन डॅश देऊन जोडलेल्या तात्पुरत्या सूचनांचा. पहिल्या मार्गाने वापरकर्ता प्रोग्रामला ‘हे पुन्हा विचारू नकोस’ असे बजावतो आणि दुसऱ्या मार्गाने ‘ते राहू दे, आत्ता सांगतो तसे कर’ असे फर्मावतो. आणि ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या तोंडची, पुष्कळदा एकाच दुपारची असल्यामुळे, त्यांपैकी कोणते प्रमाण मानायचे हे ठरवण्याची जबाबदारी त्या बिचाऱ्या प्रोग्रामवर येऊन पडते. प्रस्तुत विवेचनाचा विषय ही जबाबदारी आणि ती पार पाडताना प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी गेल्या अर्धशतकात घालून ठेवलेले घोळ हा आहे.

कॉन्फिगरेशन फाइलची वंशावळ एमआयटी या अमेरिकन संस्थेत १९६० च्या दशकात चालणाऱ्या सीटीएसएस या प्रणालीपर्यंत नेता येते. एका फाइलमध्ये लिहिलेल्या आज्ञा ओळीने चालवून देणाऱ्या तेथील सोयीस ‘रनकॉम’ म्हणत, आणि बॅशआरसी, व्हिमआरसी, कर्लआरसी अशा असंख्य फाइलींच्या शेपटीला जी ‘आरसी’ ही दोन अक्षरे आजही लोंबताना दिसतात, ती त्या रनकॉमची वारसदार आहेत. या फाइलींच्या नावाआधी येणाऱ्या टिंबाचा इतिहास मात्र कमी गौरवशाली आहे. बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही प्रणाली घडत असताना प्रत्येक फोल्डरात आपोआप असणाऱ्या ‘एक टिंब’ आणि ‘दोन टिंबे’ या नावांच्या दोन नोंदी यादीत दिसू नयेत, एवढाच माफक हेतू होता; तो साधण्यासाठी यादी दाखवणाऱ्या एलएस या प्रोग्राममध्ये नावाचे पहिले अक्षर टिंब असेल तर ती नोंद गाळावी, अशी झटपट तपासणी घालण्यात आली. पूर्ण नाव तपासण्याचे कष्ट वाचले, आणि टिंबाने सुरू होणारी जगातील प्रत्येक फाइल त्या क्षणापासून अदृश्य झाली. बेल लॅब्जमध्येच पुढे काम केलेल्या रॉब पाइक यांनी ही हकिकत सांगताना तिला सरळ चूक म्हटले आहे. अदृश्य फाइल ठेवता येते हे कळल्यावर प्रत्येक प्रोग्रामने वापरकर्त्याच्या घरी, म्हणजे होम फोल्डरात, स्वतःची एक अदृश्य फाइल न विचारता ठेवून दिली, आणि दिसत नसलेला पसारा हा पसारा मानायचा की नाही असा एक नवाच प्रश्न निर्माण झाला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने सर्व फाइली ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या एकाच फोल्डरात ठेवाव्यात असा दंडक मांडला. काही प्रोग्रामांनी तो पाळला, काहींनी पाळला नाही, आणि काहींनी जुनी जागाही चालू ठेवून नवीही स्वीकारली. त्यामुळे पूर्वी एका ठिकाणी शोधावी लागणारी फाइल आता दोन ठिकाणी शोधावी लागते.

फाइल आणि ऑप्शन यांच्या मध्ये एक तिसरा पक्षही आहे आणि त्याला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. चालू असलेल्या सत्रात नाव आणि मूल्य अशी जोडी ठेवून दिली, की त्या सत्रातून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला ती वारशाने मिळते. ही सोय १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून रुळली. फाइल निदान उघडून पाहता येते आणि ऑप्शन निदान डोळ्यांसमोर असतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हवेत असते. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रामला आपले नेहमीचे ऑप्शन एका व्हेरिएबलमध्ये ठेवून देण्याची मुभा होती. परंतु तेथे ठेवलेली आवड वापरकर्त्याने हाताने दिलेल्या आज्ञेलाच नव्हे तर इतरांनी लिहिलेल्या, ग्रेपवर विसंबून असलेल्या स्क्रिप्टांनाही लागू होत असे, आणि हौसेने लावलेले रंग किंवा ओळींचे क्रमांक भलत्याच हिशेबात जाऊन मिसळत असत. अखेर २०१४ च्या २.२१ या आवृत्तीपासून ग्रेप त्या व्हेरिएबलबद्दल तक्रार करू लागला आणि पुढे त्याने त्याकडे पाहणेच सोडले.

पक्ष अनेक झाले म्हणजे उतरंड लागते. एरिक रेमंड यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्ट ऑफ युनिक्स प्रोग्रामिंग’ या ग्रंथात ही उतरंड पाच पायऱ्यांची सांगितली आहे: सर्वात आधी यंत्राच्या ‘इटीसी’ या फोल्डरातील सामायिक फाइली, त्यानंतर यंत्राच्या व्यवस्थापकाने ठेवलेली व्हेरिएबले, मग वापरकर्त्याच्या घरच्या टिंबवाल्या फाइली, त्यानंतर वापरकर्त्याने स्वतः ठेवलेली व्हेरिएबले, आणि सर्वात शेवटी कमांड लाइन. नंतर येणारा आधीच्यास खोडतो. या पाचांच्याही खाली प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःच ठरवून दिलेले मूल्य असते, ज्याला डिफॉल्ट म्हणतात आणि जे कोणीच काही बोलले नाही तर लागू होते. या क्रमामागील तत्त्व अधिकाराचे नसून जवळिकीचे आहे. यंत्राच्या व्यवस्थापकाचा हुद्दा वापरकर्त्याहून मोठा असतो, तरी त्याने फाइल लिहिली ती गेल्या वर्षी, सर्वांसाठी आणि कोणालाच डोळ्यांसमोर न ठेवता. उलट कमांड लाइनवरचा डॅश आत्ता, या कामासाठी, काम पुढ्यात असताना टाइप केलेला असतो. ज्याला परिस्थिती सर्वात अलीकडची आणि सर्वात तपशिलात दिसते त्याचा शब्द शेवटचा, हे तत्त्व इतके शहाणपणाचे आहे की ते कचेऱ्यांमध्ये सहसा आढळत नाही.

तथापि कचेऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती न मांडणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय हाती घेतला असता त्याच्या शिरोभागी ‘वाचा’ असे लिहून त्याखाली आधीचे निर्णय क्रमांक आणि दिनांकासह दिलेले असतात, आणि पूर्वीचा निर्णय अधिक्रमित होत असेल तर तसे पोटात स्पष्ट लिहिलेले असते. त्यामुळे सोसायटीच्या सचिवापासून शाळेच्या मुख्याध्यापकापर्यंत कोणालाही, चिकाटी असेल तर, आज लागू असलेला नियम कोणत्या कागदातून आला आणि कोणत्या कागदाला मारून आला हे शोधता येते. सरासरी प्रोग्राम याबाबतीत मंत्रालयाच्या पुष्कळ मागे आहे. तो पाच ठिकाणी वाचतो, चार ठिकाणचे फेकून देतो, उरलेल्याप्रमाणे वागतो आणि यांपैकी कशाचाही उल्लेख करत नाही. खरी तक्रार आहे ती या मौनाविषयी. कोणता पक्ष जिंकावा याबद्दल मतभेद असू शकतात, परंतु जिंकला कोण हे न सांगण्याचे समर्थन कोणत्याही शास्त्रात सापडत नाही.

मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरचे उदाहरण या दृष्टीने जवळून पाहण्यासारखे आहे. युनिक्स जातीच्या यंत्रावर हा प्रोग्राम ‘माय डॉट सीएनएफ’ नावाची फाइल इटीसीमध्ये शोधतो, मग इटीसीच्या आत मायएसक्यूएल नावाच्या फोल्डरात शोधतो, मग तो प्रोग्राम बांधताना ठरवलेल्या जागी शोधतो, मग एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने दाखवलेल्या जागी, मग कमांड लाइनवर जादा म्हणून सांगितलेल्या जागी, आणि शेवटी वापरकर्त्याच्या घरी टिंब लावून शोधतो. सापडेल ती प्रत्येक फाइल वाचली जाते आणि नंतरची आधीचीस खोडते. एखादी फाइल यंत्रावरील वाटेल त्याला लिहिता येण्याजोगी खुली ठेवलेली आढळली, तर सर्व्हर तिच्याकडे दुर्लक्ष करतो आणि तसा इशाराही देतो. पण तो इशारा सर्व्हर सुरू होतानाच्या इतर मजकुराच्या गर्दीत येत असल्याने, ‘कोणालाही अडचण नको’ या उदार हेतूने परवानग्या खुल्या करणारा नवखा व्यवस्थापक आपण लिहिलेली ओळ का लागू होत नाही या विवंचनेत परवानग्या आणखी खुल्या करता येतील का हे तपासत राहतो.

एकच सूचना फाइलमध्ये लिहिताना आणि कमांड लाइनवर देताना तिचे व्याकरणही बदलते. फाइलमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडलेली चालते. कमांड लाइनवर ती चालत नाही. पासवर्डाच्या बाबतीत तर ही शिस्त फारच कडक आहे. डॅश पी या ऑप्शनाला पासवर्ड चिकटूनच लिहावा लागतो. सभ्य माणूस दोन शब्दांमध्ये जागा सोडतो, आणि येथे त्याने ती सोडली, तर प्रोग्राम डॅश पीचा अर्थ ‘पासवर्ड विचार’ असा घेतो आणि पुढच्या शब्दाला उघडायच्या डेटाबेसचे नाव समजतो. मग तो नम्रपणे पासवर्ड विचारतो, वापरकर्ता तो दुसऱ्यांदा आणि या वेळी पडद्यावर न उमटता टाइप करतो, आणि त्याबद्दल आभार मानावेत तसा प्रोग्राम त्या नावाचा डेटाबेस अस्तित्वात नसल्याची त्रुटी दाखवतो, ज्या त्रुटीत तो पासवर्ड अक्षर न् अक्षर छापलेला असतो. मोठ्या लिपीतला पी हा पोर्टसाठी आहे हे येथे जाता जाता नोंदवलेले बरे, कारण दूरच्या यंत्रावर प्रवेश देणाऱ्या एसएसएच या प्रोग्राममध्ये पोर्टसाठी लहान पी लागतो आणि त्याच्याच सख्ख्या भावाला, म्हणजे फाइली नेणाऱ्या एससीपीला, मोठा. डॅश एच हा ऑप्शन काही ठिकाणी मदत दाखवतो, मायएसक्यूएलमध्ये यजमान यंत्राचे नाव मागतो आणि डिस्कवरील जागा मोजणाऱ्या डीएफमध्ये आकडे माणसाला वाचता येतील असे लिहितो; डॅश व्ही कोठे बडबड वाढवतो, कोठे आवृत्ती सांगतो आणि ग्रेपमध्ये शोधाचा अर्थच उलटा करतो. सव्वीस अक्षरांत जगाचा संसार चालवायचा म्हटल्यावर याहून निराळे काय होणार.

उतरंडीच्या वरच्या टोकालाही मायएसक्यूएलने एक अपवाद करून ठेवला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ८.० या आवृत्तीपासून चालू सर्व्हरला आतूनच ‘हे मूल्य कायमचे लक्षात ठेव’ असे सांगता येते, आणि तो ते स्वतःच्या डेटाच्या फोल्डरात एका वेगळ्या फाइलमध्ये टिपून ठेवतो. ही फाइल सर्वात शेवटी, म्हणजे कमांड लाइनच्याही नंतर वाचली जाते. परिणामी टर्मिनलसमोर बसलेल्या माणसाने आत्ता दिलेल्या आज्ञेपेक्षा सर्व्हरने स्वतःच्या हस्ताक्षरात पूर्वी कधीतरी करून ठेवलेली नोंद श्रेष्ठ ठरते. आणि ज्याने ती करायला लावली होती तो गृहस्थ तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असण्याची शक्यता पुण्यासारख्या शहरात तरी नाकारता येत नाही.

एसएसएचचा कारभार मायएसक्यूएलच्या नेमका उलट चालतो आणि तो समजण्यास थोडी सबुरी लागते. येथे नियम असा, की प्रत्येक बाबीचे जे मूल्य प्रथम सापडेल ते पक्के, आणि नंतर कोणी काहीही म्हटले तरी ऐकायचे नाही. वाचण्याचा क्रम आधी कमांड लाइन, मग घरची फाइल, मग इटीसीतील फाइल असा असल्यामुळे, जवळच्याचा शब्द शेवटचा हे तत्त्व येथेही शाबूत राहते. फक्त शेवटचा शब्द पहिल्यांदा ऐकून घेतला जातो एवढेच. गोंधळ होतो तो एकाच फाइलच्या आत. मायएसक्यूएलच्या सवयीचा माणूस सर्वसाधारण नियम वर लिहितो आणि अपवाद खाली, जसे कोणत्याही सुशिक्षित माणसाने लिहावे. एसएसएचच्या फाइलमध्ये त्याने तारकाचिन्हाने ‘सर्व यंत्रांसाठी’ असा विभाग सर्वात वर लिहून त्यात एक वापरकर्तानाव दिले आणि खाली एका विशिष्ट यंत्रासाठी दुसरे दिले, तर दुसरे नाव कधीही वापरले जात नाही, फाइलमध्ये शुद्धलेखनाची एकही चूक नसते, आणि दूरचे यंत्र अनोळखी नाव पाहून दार लावून घेते. म्हणून या फाइलमध्ये अपवाद वर आणि नियम तळाशी लिहावा लागतो, आणि दोन्ही प्रोग्राम रोज वापरणाऱ्यांना सकाळी एका दिशेने आणि दुपारी दुसऱ्या दिशेने विचार करावा लागतो. या व्यायामाने बुद्धी तल्लख होते असे मानणारा एक संप्रदाय आहे. त्यातील बहुतेकांनी स्वतः असे प्रोग्राम लिहिलेले असतात.

आतापर्यंतची चर्चा वापरणाऱ्याच्या बाजूने झाली. लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास या विषयाचा गाभा एका वेगळ्याच ठिकाणी, म्हणजे न बोललेल्या गोष्टीत आहे. समजा पायथन भाषेत एक लहान सर्व्हर लिहिला आहे, त्याचा डिफॉल्ट पोर्ट ८०८० आहे आणि फाइलमध्ये वापरकर्त्याने ९००० लिहिले आहे. पायथनसोबत येणाऱ्या आर्गपार्स या कमांड लाइन वाचणाऱ्या साधनाला ‘पोर्ट दिला नाही तर ८०८० धर’ असे सांगून ठेवणे ही अत्यंत स्वाभाविक गोष्ट होय, आणि मदतीच्या मजकुरातही तसे छान दिसते. वापरकर्ता कोणताही ऑप्शन न देता सर्व्हर सुरू करतो. आर्गपार्स सांगितल्याप्रमाणे ८०८० हे उत्तर आणून देतो. आता प्रोग्रामच्या हाती फाइलमधून आलेले ९००० आणि कमांड लाइनवरून आलेले ८०८० अशी दोन मूल्ये आहेत, उतरंडीनुसार कमांड लाइन श्रेष्ठ आहे, आणि सर्व्हर दिमाखाने ८०८० वर सुरू होतो. फाइल वाचली गेली, तिचा मानही राखला गेला, फक्त ती कधीच लागू होणार नाही. कोणीही न उच्चारलेला शब्द येथे वापरकर्त्याच्या नावावर खपला, आणि तोही उतरंडीच्या अगदी वरच्या पायरीवरून.

उपाय सोपा आहे, पण त्यासाठी आधी हे मान्य करावे लागते की ‘८०८० म्हणाला’ आणि ‘काहीच म्हणाला नाही’ या दोन स्वतंत्र घटना आहेत, जरी दोन्हींचा परिणाम एरवी एकच होत असला तरी. मौनं संमतिलक्षणम् हे वचन लग्नाच्या बोलणीत उपयोगी पडत असेल, येथे ते घातक ठरते. म्हणून कमांड लाइनच्या साधनाला डिफॉल्ट सांगायचाच नाही. उत्तर न मिळाल्यास पायथनमधील ‘नन’, म्हणजे अभावाचे मूल्य, परत द्यायला लावायचे, सर्व पक्षांची उत्तरे गोळा करायची, त्यांतून मौन गाळायचे, आणि खरा डिफॉल्ट सर्वात तळाशी, सर्वांचे ऐकून झाल्यावर ठेवायचा. पायथनच्या ३.३ या आवृत्तीत, २०१२ साली, चेनमॅप नावाची जी सोय आली ती यासाठीच चपखल बसते: अनेक कोश एकामागे एक लावून ठेवायचे आणि विचारलेली बाब पहिल्या ज्या कोशात सापडेल त्यातले मूल्य घ्यायचे. तिच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही कमांड लाइन, एन्व्हायर्नमेंट आणि डिफॉल्ट हेच उदाहरण दिले असून त्यात ‘नन’ असलेली उत्तरे आधी गाळून घेतलेली आहेत. तरीही हे गाळणे विसरण्याची परंपरा अखंड चालू आहे, आणि तिला नवखे व मुरलेले असा भेद ठाऊक नाही.

होय-नाही स्वरूपाच्या ऑप्शनांत हाच दोष आणखी हट्टी होतो. बडबड वाढवणारा ‘व्हर्बोज’ हा फ्लॅग, म्हणजे मूल्य न घेता नुसत्या उपस्थितीने काम करणारा ऑप्शन, दिला की होय आणि न दिला की नाही. फाइल नसती तर हे पुरेसे होते. परंतु फाइलमध्ये एकदा ‘बडबड: होय’ असे लिहिले गेले, की कमांड लाइनवर ‘आज गप्प राहा’ असे सांगण्याचा मार्गच उरत नाही, कारण फ्लॅग न देणे म्हणजे नकार नव्हे तर मौन, आणि मौनाला आपण नुकतेच गाळले. म्हणून प्रत्येक फ्लॅगला ‘नो’ हा उपसर्ग लावलेला एक प्रतिपक्ष द्यावा लागतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटसारख्या प्रोग्रामांत ही प्रथा पक्की मुरली आहे, आणि पायथनमध्ये हे जोडपे आपोआप निर्माण करून देणारी सोय २०२० सालच्या ३.९ या आवृत्तीत आली. ‘नाही’ हे मूल्य लिहिण्यातही धोके आहेतच. यामल या फाइलींच्या लोकप्रिय लेखनपद्धतीच्या १.१ या आवृत्तीत अवतरणचिन्हांवाचून लिहिलेला ‘नो’ हा शब्द नकार समजला जातो, त्यामुळे देशांच्या दोन-अक्षरी संकेतांच्या यादीत नॉर्वेच्या जागी ‘असत्य’ असे उमटते. भारताचा ‘आयएन’ या संकटातून सुखरूप आहे, एवढे समाधान मानता येते.

एकाच बाबीची अनेक मूल्ये असतील, तर नव्या मूल्याने जुन्यांना खोडायचे की त्यांच्या रांगेत जाऊन उभे राहायचे, हा प्रश्न उरतो. लिनक्सवरील सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीचे उत्तर पाहण्यासारखे आहे. एखाद्या सेवेची मूळ फाइल न बदलता तिच्या शेजारच्या फोल्डरात एक छोटी पुरवणी ठेवून तिच्यातील बाबी बदलता येतात. सेवा कोणत्या आज्ञेने सुरू करायची ही ‘एक्झेकस्टार्ट’ नावाची बाब मात्र यादीच्या जातीची असल्यामुळे, पुरवणीत नवी आज्ञा लिहिली तर ती जुनीला न खोडता तिच्यामागे जाऊन उभी राहते, आणि सर्वसाधारण सेवेला अशा दोन आज्ञा चालत नसल्याने सिस्टमडी ती सेवा सुरू करण्यास नकार देतो. उपाय असा, की पुरवणीत आधी एक्झेकस्टार्ट आणि बरोबरचे चिन्ह एवढेच लिहून पुढे काहीही लिहायचे नाही, आणि त्याखालच्या ओळीत पुन्हा एक्झेकस्टार्ट लिहून नवी आज्ञा द्यायची. पहिली ओळ यादी रिकामी करते, दुसरी भरते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती रिकामी ओळ कोणाच्या तरी हातून चुकून राहिल्यासारखी वाटते आणि तो ती स्वच्छतेच्या भरात पुसून टाकतो. पुरवण्या अनेक असतील तर त्या नावाच्या अक्षरक्रमाने वाचल्या जातात, म्हणून नावाआधी दहा, पन्नास, नव्व्याण्णव असे आकडे घालण्याची रीत पडली. परंतु अक्षरक्रमात एक हा नऊच्या आधी येत असल्याने, नव्व्याण्णवाच्याही पुढे जाण्यासाठी शंभर हा आकडा घालणाऱ्याची फाइल नव्व्याण्णवाच्या पुष्कळ आधी वाचली जाते. त्यावर तोडगा म्हणून नावाआधी दोन झेड लावणारे लोकही आढळतात. आणि व्यवस्थापकाचे अधिकार वाटणाऱ्या सुडोच्या पुरवण्यांच्या फोल्डरात, नावात कोठेही टिंब असलेली फाइल मुकाट्याने वगळली जाते. म्हणजे जी फाइल आपल्या नावाच्या शेवटी रीतसर ‘डॉट कॉन्फ’ असे लावून आली, तिला सभ्यपणाबद्दल शिक्षा होते.

मराठी वापरकर्त्याचा या उतरंडीशी थेट संबंध येतो तो भाषेच्या बाबतीत. लिनक्सवर ‘लँग’ या व्हेरिएबलमध्ये मराठी-भारत असा संकेत दिला आणि यंत्रावर ती सोय बसवलेली असली, की तारीख दाखवणारा प्रोग्राम वार आणि महिने मराठीत लिहू लागतो. लँगच्या वर प्रत्येक विषयाचे वेगळे व्हेरिएबल आहे, वेळेचे निराळे, आकड्यांचे निराळे. त्यांच्या वर ‘एलसी ऑल’ हे सर्वांना खोडणारे आहे. आणि ज्याचे नावच ‘ऑल’ त्याच्याही वर, प्रोग्रामच्या संदेशांपुरते, ‘लँग्वेज’ हे आणखी एक आहे, जे एलसी ऑलमध्ये ‘सी’ हे अक्षर असेल तर मात्र निष्प्रभ होते. सी म्हणजे युनिक्सची मूळची, कोणत्याही देशाची नसलेली आणि म्हणून इंग्रजी असलेली भाषा. स्क्रिप्ट लिहिणारे लोक निकाल सर्वत्र सारखा यावा म्हणून पहिल्याच ओळीत एलसी ऑलमध्ये सी ठेवतात, ते योग्यही असते, आणि हौसेने मराठी केलेले यंत्र तेवढ्या वेळापुरते निमूटपणे इंग्रजी बोलून घेते.

उतरंड मोडून पुन्हा वर चढण्याचे प्रयत्नही झाले आहेत. मेक या प्रोग्राम बांधणाऱ्या साधनात कमांड लाइनवर दिलेले मूल्य मेकफाइल या त्याच्या सूचनांच्या फाइलमधील मूल्यास खोडते. परंतु मेकफाइल लिहिणाऱ्याने ‘ओव्हरराइड’ हा शब्द आधी लिहिला, तर फाइल कमांड लाइनला खोडते. जीएनयू मेकच्या माहितीपुस्तिकेने हा शब्द फाइल आणि कमांड लाइन यांच्यातील युद्ध भडकवण्यासाठी निर्माण केलेला नाही असा खुलासा केला आहे. खुलासा करावा लागला, यातच काय ते आले.

काही प्रोग्रामांनी मौन सोडले आहे हे येथे कृतज्ञतापूर्वक नोंदवले पाहिजे. गिटला सर्व मूल्यांची यादी मागताना ‘शो ओरिजिन’ हा ऑप्शन दिला, तर तो प्रत्येक मूल्यासमोर ते कोणत्या फाइलमधून आले हे लिहून देतो, आणि त्या यादीत एकच बाब तीनदा, तीन फाइलींच्या नावांसह आढळली म्हणजे अर्धा दिवस गिटला दिलेले दूषण परत घ्यावे लागते. एसएसएचला मोठा जी हा ऑप्शन देऊन यंत्राचे नाव सांगितले, तर तो जोडणी न करता सर्व फाइलींचा निष्कर्ष छापतो, पण कोणती ओळ कोठून आली हे गुलदस्त्यात ठेवतो. आणि ज्यांना हा तपासच नको असेल त्यांच्यासाठी संकेतस्थळांवरून मजकूर आणणाऱ्या कर्लमध्ये डॅश क्यू हा ऑप्शन आहे, जो कर्लआरसी ही फाइल वाचूच नकोस असे सांगतो. तो ओळीत पहिलाच द्यावा लागतो, नाही तर त्याचा उपयोग होत नाही. हा ऑप्शन दर वेळी टाइप करण्याचा कंटाळा येतो, तेव्हा तो कायमचा कोठेतरी लिहून ठेवावा अशी इच्छा होणे साहजिक आहे. कर्लआरसीमध्ये तो लिहिण्यात अर्थ नाही, कारण तो वाचला जाईपर्यंत फाइल उघडलेलीच असते. तेव्हा अनुभवी लोक टर्मिनलमधील आज्ञा वाचणाऱ्या बॅशच्या बॅशआरसी या निराळ्या फाइलमध्ये कर्लच्या नावाचे एक टोपणनाव करून त्यात डॅश क्यू घालून ठेवतात, आणि हे टोपणनाव फक्त हाताने टाइप केलेल्या आज्ञांना लागू होत असून स्क्रिप्टमधून बोलावलेला कर्ल पूर्वीसारखाच कर्लआरसी उघडून वाचत बसतो, हे त्यांना पुढे केव्हातरी कळते.